पाण्याखालचा सातबारा

या कादंबऱ्यांत प्रेत बहुतेक वेळा पाण्यातच सापडतं. पहाटेचं धुकं असतं, कुणी म्हातारा आपले पिंजरे तपासायला होडी घेऊन निघालेला असतो, वल्हं कशाला तरी अडतं आणि तो वाकून बघतो. पुढच्या पानावर शेरिफ येतो. त्याच्या पुढच्या पानावर, पंधरा वर्षांनी गावात परतलेली एखादी मुलगी वडिलांच्या बंद घराचं कुलूप उघडत असते आणि तिचा जुना प्रियकर कुंपणापाशी येऊन उभा राहतो. खून आणि प्रेम, दोन्ही एकाच काठावर सुरू होतात.

आईला मी अशी पहिली कादंबरी फोनवर सांगत होते, तेव्हा तिनं मला इथंच थांबवलं. "प्रेताचं राहू दे गं. ती जमीन कुणाच्या नावावर आहे, ते आधी सांग."

मला सांगता आलं नाही. मी तिच्यापेक्षा चाळीसच पानं पुढे होते. दोनेकशे पानांनंतर कळलं, की खून त्या दलदलीखालच्या तेलासाठी झाला होता आणि मुलीच्या वडिलांनी कधीकाळी न वाचता एका कागदावर सही केली होती. आई म्हणाली, "बघ." तेव्हापासून प्रत्येक नव्या पुस्तकाला तिचा पहिला प्रश्न हाच असतो, सातबारा कुणाच्या नावावर? अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यातल्या, मूळच्या फ्रेंच बोलणाऱ्या केजन लोकांच्या मुलखावरच्या, त्यांच्या बायूंवरच्या, म्हणजे संथ पाणवाटांवरच्या कादंबऱ्या मी गेली काही वर्षं वाचते आहे. त्या वाचायला याहून चांगला प्रश्न मला सापडलेला नाही.

आई रहस्यकथांवर पोसलेली बाई. लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा वाचनालयातून सकाळी पुस्तक आणायची, दुपारी संपवायची आणि संध्याकाळी बदलून आणायची. चार वर्षांपूर्वी डोळ्याच्या पडद्याचं दुखणं झालं आणि छापील अक्षर तिच्या हातचं गेलं. मी ह्यूस्टनला असते. माझी शनिवारची रात्र म्हणजे तिची रविवारची सकाळ, ती आमची वाचनाची वेळ ठरली. इंग्रजी पुस्तक समोर धरून मी मराठीत सांगत जाते, आणि अडले की शब्द ती पुरवते. गंबोसाठी, म्हणजे त्यांच्या दाट रश्श्यासाठी, रू करतात, म्हणजे मैदा तेलात मंद आचेवर ढवळत राहायचा, पार तांबूस-चॉकलेटी होईपर्यंत, आणि हात थांबवायचा नाही, असं मी पाच मिनिटं समजावत होते. ती म्हणाली, "लाडवाचं बेसन भाजतात तसं म्हण की." त्याच गंबोत भेंडी पडते, आणि गंबो हा शब्दच मुळी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या भाषेतला भेंडीचा शब्द आहे, हे ऐकून तिला त्या स्वयंपाकघरात अगदी बसल्यासारखं वाटलं.

पुस्तकं मिळाली ती आमच्या भागातल्या वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, पन्नास सेंटला एक. मुखपृष्ठं सगळी एका साच्याची: काळं पाणी, पाण्यातून उभी सायप्रसची झाडं, फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी जटा. त्या जटांना स्पॅनिश मॉस म्हणतात. ते स्पॅनिश नाही आणि शेवाळही नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. एके काळी ती वाळवून गाद्यांत आणि मोटारींच्या आसनांत भरत असत, म्हणजे केजन माणसाला चार पैसे मिळवून देणारं पीकच होतं ते. मुखपृष्ठावर मात्र तिचं काम एकच, भीती घालायची.

बायू म्हणजे नदी नव्हे, ओढा नव्हे आणि आपली खाडीही नव्हे. शब्द चॉक्टॉ या मूळ रहिवाशांचा, फ्रेंचांनी उचललेला. सपाट मुलखातून रेंगाळत जाणारं हे पाणी. वाहतंय की थांबलंय हे कळायला पान टाकून बघावं लागतं. दक्षिणेचा वारा जोरात सुटला किंवा भरती चढली, तर समुद्राजवळच्या बायूंचं पाणी उलटंही सरकतं. रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून मोठं दान कोणतं? संध्याकाळी खाली सोडून दिलेली वस्तू सकाळी वरच्या अंगाला येऊन लागू शकते. प्रेमकथेलाही ते तितकंच मानवतं, कारण तिथं गेलेलं माणूस परत येण्याची वाट बघणं वेडेपणाचं वाटत नाही.

यातला सगळ्यात जास्त लिहिला गेलेला प्रवाह म्हणजे बायू टेश. काही हजार वर्षांपूर्वी मिसिसिपीचा मुख्य प्रवाह इथून जात होता, मग नदी सरकली आणि मागे ही वळणावळणांची पाणवाट उरली. चिटिमाचा लोक सांगतात, की एक महाकाय साप होता, त्यांच्या योद्ध्यांनी तो मारला, आणि जिथं त्याचं धूड कुजलं तिथं खोलगट होऊन पाणी भरलं. म्हणजे या पाण्याच्या जन्मकथेतही एक प्रेत आहेच. चिटिमाचांची उरलीसुरली जमीन आजही टेशच्या काठी शॅरेंटनला आहे. एके काळी हा सगळा मुलूख त्यांचा होता. केजन लोक इथले मूळचे नव्हेत.

ते आले कॅनडातून, आज नोव्हा स्कोशिया म्हणतात त्या किनाऱ्यावरून. फ्रेंच शेतकऱ्यांची ती वसाहत होती, अकादी. अकादिअँचं काडिअँ झालं आणि काडिअँचं केजन. फंडीच्या उपसागरात जगातली सगळ्यात मोठी भरती-ओहोटी चालते आणि त्या भरतीत बुडणाऱ्या खारट दलदलीतून या लोकांनी शेती उभी केली. मातीचे बांध घातले, बांधाच्या तळाशी लाकडी दार बसवलं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी दाराला ढकलून बाहेर जायचं आणि भरती आली की समुद्राच्याच दाबानं दार मिटायचं. दोन-तीन वर्षांत मीठ धुऊन निघालं की गहू. गोव्याकडच्या वाचकाला हे सांगायला नको, खाजणातलं मानस हेच काम करतं. मला हे समजलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. कादंबऱ्यांत केजन माणूस येतो तो मगरी मारणारा, दारू पिणारा, अकॉर्डियन वाजवणारा. त्याच्या पणजोबांचे पणजोबा समुद्राकडून हातभर हातभर जमीन मागून घेणारे होते, हे फारसं कुणी लिहीत नाही.

1713 च्या तहात ती वसाहत इंग्रजांकडे गेली. इंग्लंडच्या राजाशी बिनशर्त एकनिष्ठ राहण्याची शपथ या लोकांनी घेतली नाही. 1755 पासून पुढची सात-आठ वर्षं त्यांना घरांतून काढून जहाजांत भरलं गेलं, 10,000 हून अधिक माणसं. घरं जाळली. त्या बांध घातलेल्या शेतांवर नंतर न्यू इंग्लंडमधून आणलेले शेतकरी बसवले. खूप माणसं रोगराईनं आणि जहाजं बुडून गेली. कुटुंबं फुटली, नवरा एका वसाहतीत आणि बायको दुसरीत असं झालं. ब्यूसोले या नावानं ओळखला जाणारा जोसेफ ब्रूसार 1765 मध्ये सुमारे 200 जणांना घेऊन लुइझियानाला पोचला. 1785 मध्ये फ्रान्सहून सात जहाजं भरून आणखी 1,600 च्या आसपास आले. ब्रूसार हे आडनाव या कादंबऱ्यांत सारखं भेटतं. 1997 च्या 'अ थिन डार्क लाइन' मध्ये टॅमी होगनं आपली नायिका, शेरिफच्या खात्यातली पोलीस, ॲनी ब्रूसार ठेवली आहे. संशयिताला झोडपणाऱ्या आपल्याच सहकाऱ्याला ती बेड्या घालते आणि सगळं खातं तिच्यावर उलटतं. लेखिकेच्या मनात काही असो, त्या आडनावामागे मला शपथ नाकारणारी माणसं दिसली.

या मुलखाची पहिली प्रेमकथा 1847 ची आणि ती कवितेत आहे, लॉन्गफेलोची 'इव्हॅन्जेलिन'. लग्न ठरलेली मुलगी आणि तिचा गेब्रिएल, दोघांची जहाजं वेगळी झाली आणि ती त्याला शोधत देशभर फिरत राहिली. लॉन्गफेलोनं लुइझियाना कधी पाहिलं नाही. त्या काळी मिसिसिपीची लांबच लांब चित्रपट्टी गुंडाळीवरून उलगडत दाखवायचे, ती बॉस्टनला बघून आणि पुस्तकं वाचून त्यानं बायू लिहिला. इव्हॅन्जेलिन नावाची कुणी बाई नव्हती. पण ज्यांच्या घरात अशी ताटातूट खरोखर झाली होती त्यांनी ती आपली करून घेतली. सेंट मार्टिनव्हिलला टेशच्या काठी एक ओक आहे, त्याला इव्हॅन्जेलिनचा ओक म्हणतात. चर्चशेजारी पुतळा आहे. 1929 च्या मूकपटात इव्हॅन्जेलिन झालेल्या डोलोरेस देल रिओचा चेहरा त्या पुतळ्याला आहे. पुतळ्यापाशी थडगंही आहे, इव्हॅन्जेलिन ज्या मुलीवरून घेतली असं 1907 च्या एका पुस्तकानं सांगितलं, तिच्या नावाचं. इतिहासकार त्या मुलीलाही खरी मानत नाहीत. मी गेले तेव्हा कुणीतरी पायाशी ताजी फुलं ठेवून गेलं होतं. मला त्यात काही खोटं वाटलं नाही. ज्यांची थडगी कुठं आहेत तेच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी लोकांनी एक जागा करून ठेवली होती.

केट शोपाँनं मात्र हा मुलूख राहून पाहिला होता. 1892 च्या तिच्या एका कथेत केजन लोकांच्या नाचाची रात्र आहे. कॅलिक्स्टा आणि जमीनदार आल्से यांचं जुळता जुळता राहतं, कारण त्याच्या घरातली, त्याच्या बरोबरीची मुलगी ऐन नाचातून त्याला बोलावून नेते. कॅलिक्स्टा त्याच पहाटे भोळ्या बोबिनोला लग्नाचा होकार देते. सहा वर्षांनी शोपाँनं पुढची गोष्ट लिहिली, 'द स्टॉर्म'. वादळ येतंय म्हणून बोबिनो लहान मुलाला घेऊन दुकानातच थांबतो. बायकोला कोळंबी आवडते म्हणून डबा विकत घेतो आणि पाऊस कोसळत असताना तो डबा हातात धरून बसून राहतो. इकडे घराच्या ओसरीत आसऱ्याला आलेला असतो आल्से. ही कथा तिनं छापायला दिली नाही. ती छापून आली 1969 मध्ये, तिच्या मृत्यूला 65 वर्षं झाल्यावर.

हे मी आईला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ती काही बोलेल. कॅलिक्स्टाविषयी ती एक शब्द बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "तो डबा धरून बसला होता ना, तो बरा लिहिलाय." मग तिनं तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, आणि कथेचा अर्थ माझ्यासमोर लख्ख झाला. जमीन आल्सेची होती. कॅलिक्स्टा त्याची होऊ शकली नव्हती याचं कारण तेवढंच होतं.

आजच्या वाचकाला हा मुलूख माहीत झाला तो मुख्यतः जेम्स ली बर्कमुळे. 1987 पासून तो डेव्ह रोबिशोच्या कादंबऱ्या लिहितो आहे. न्यू आयबीरियाचा हा पोलीस, दारू सोडलेला, बायूकाठी मासेमारीचं आमिष विकायचं दुकान चालवणारा. त्याचे वडील केजन, निरक्षर, फासे लावून जनावरं धरणारे, मग तेलविहिरीवर कामाला लागलेले. समुद्रातल्या विहिरीवर स्फोट झाला त्यात ते गेले. तेलानं या मुलखाला पगार दिला आणि बाप नेला, ही गोष्ट बर्क पुन्हा पुन्हा सांगतो आणि मला ती दर वेळी नव्यानं लागते. मालिकेच्या दुसऱ्या कादंबरीत रोबिशो आणि त्याची बायको होडीत असताना एक छोटं विमान पाण्यात कोसळतं. तो बुडी मारतो, आणि आत अडकलेल्या हवेत तग धरून राहिलेली एक लहान मुलगी त्याच्या हाताला लागते, एल साल्वादोरहून लपवून देशात आणलेली. ती पुढे त्यांची मुलगी होते. हा प्रसंग सांगताना मी भाषांतर करायची थांबले होते, आवाज लागेना. या मुलखातल्या इतक्या पुस्तकांत पाण्यातून मढी वर येताना वाचल्यावर, त्याच पाण्यानं एक लेकरू हातात दिलं होतं.

1993 च्या कादंबरीत मात्र पुन्हा हाडंच वर येतात, साखळदंडात जखडलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाची. 1957 मध्ये, तरुण असताना, रोबिशोनं त्याला अचाफलाया नदीच्या दलदलीत मारलं जाताना पाहिलेलं असतं. त्यानं सांगितलं, पण कुणी ऐकलं नाही. पस्तीस वर्षांनी पाणी उतरतं आणि हाडं दिसतात. बर्कचे उपमांचे डोंगर कधीकधी मला जड होतात आणि त्याच्या मारामाऱ्या मी आईला आटोपशीर सांगते. पण इथला कोणताही गुन्हा आजचा नसतो, ही त्याची समज पक्की आहे.

त्याच काळात प्रेमाच्या रहस्यकथांची लाट आली. त्यातल्या बऱ्याच मी वाचल्या आणि सगळ्या सारख्या नाहीत. ज्या साध्या आहेत त्यांच्यातही स्वयंपाकघर खरं असतं, आजी खरी असते, शनिवारच्या रात्री नाचघराच्या मागच्या खोलीत पोरांना निजवून आया नाचायला जातात ते खरं असतं. त्या नाचाला म्हणतातच 'फे दो-दो', म्हणजे गाई कर, झोप. मला राग येतो तो त्रेतरचा. त्रेतर म्हणजे मंत्र घालणारी माणसं. चामखीळ, उन्हाची भोवळ, मुरगळलेला पाय यांवर ती पुटपुटत प्रार्थना म्हणतात. त्यांना पैसे द्यायचे नसतात आणि आभारही मानायचे नसतात, नाहीतर गुण जातो. आईला हे एका वाक्यात कळलं, कारण तिच्या गावात विंचू उतरवणारा पैशाला शिवत नसे. या शांत, शेजारधर्माच्या रिवाजाला काही कादंबऱ्यांनी चेटूक करून टाकलं आहे, मेणबत्त्या आणि कवट्यांसकट. आणि त्याच कादंबऱ्यांत कृष्णवर्णीय माणसं एकतर दिसत नाहीत, किंवा जादूटोण्यापुरती दिसतात.

म्हणून अर्नेस्ट गेन्स वाचावाच. 1983 च्या 'अ गॅदरिंग ऑफ ओल्ड मेन' मध्ये उसाच्या मळ्यावर बो बूतान नावाचा केजन शेतकरी मरून पडलेला आहे, एका कृष्णवर्णीय म्हाताऱ्याच्या अंगणात. शेरिफ येतो तर तिथं सत्तरी-ऐंशीतले म्हातारे बंदुका घेऊन बसलेले आणि प्रत्येक जण म्हणतोय, मी मारला. एरवी रहस्यकथेत कुणी कबूल होत नाही, इथं सगळेच होतात. मग एकेक जण आपण का मारला ते सांगायला लागतो, आणि जन्मभर गिळलेलं बाहेर येतं. त्यातलं एक कारण ट्रॅक्टर आहे. वर्षानुवर्षं कसलेली जमीन या लोकांच्या हातून काढून मालकानं केजन खंडकऱ्यांना दिली. त्यांचा ट्रॅक्टर घरं गिळत गिळत कबरस्तानापर्यंत येऊन ठेपला. आता हाडांवरूनही नांगर फिरेल अशी त्यांना भीती आहे.

त्या रविवारी आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ज्यांची जमीन गेली, त्यांनीच दुसऱ्याची घेतली."

गेन्स स्वतः 1933 मध्ये पॉइंट कुपी पॅरिशमधल्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातल्या, अशाच एका मळ्यावर जन्मला. पूर्वज तिथं आधी गुलाम आणि मग खंडकरी. मोठा लेखक झाल्यावर त्यानं त्याच मळ्यातला तुकडा विकत घेतला, घर बांधलं, आणि पूर्वजांचं कबरस्तान साफ करून राखलं. 2019 मध्ये तो गेला तेव्हा त्याला तिथंच ठेवलं. हे ऐकून आई म्हणाली, "झाला नावावर."

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी ब्रो ब्रिजजवळच्या लेक मार्टिनला गेले. ह्यूस्टनहून पूर्वेला सरळ रस्ता, साडेतीन-चार तास. होडीवाला पंचाहत्तरीचा होता. सायप्रसांच्या मधून होडी जात होती, बगळे उडत होते, आणि मी त्याला वेड्यासारखे कादंबऱ्यांतले शब्द विचारत होते. 'शेर', म्हणजे लाडक्या, याचा उच्चार खरंच 'शा' करतात का? तो हसून म्हणाला, करतात. मग इंजिन बंद करून त्यानं शाळेतला पहिला दिवस सांगितला. त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. बाहेर जायचं होतं, ते कसं विचारायचं ते माहीत नव्हतं, फ्रेंच बोललं तर शिक्षा. तो बाकावर बसून राहिला, आणि चड्डी ओली झाली. सांगताना त्यानं डावा हात मांडीवर असा पसरून ठेवला, जणू अजून काही झाकायचं होतं. नंतरच्या वर्षांत 'शाळेच्या आवारात मी फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य त्यानं वह्या भरून लिहिलं. 1921 च्या राज्यघटनेनं शाळांची भाषा इंग्रजी ठरवली होती आणि त्या एका ओळीखाली दोन-तीन पिढ्या दबल्या. 1968 मध्ये राज्यानं फ्रेंच वाचवायला मंडळ काढलं, तोवर खूप घरांत ती फक्त म्हाताऱ्यांची उरली होती. त्यानं स्वतःच्या मुलांशी फ्रेंच बोलायचं टाळलं, त्यांच्यावर ती वेळ नको म्हणून.

तोवर मला वाटायचं, की या कादंबऱ्यांत नायक मधेच 'शेर' म्हणतो, आजी मधेच 'मे', म्हणजे 'पण', म्हणते, ते नुसतं मसाल्यासारखं भुरभुरलेलं आहे. त्या होडीत समजलं, की खूप घरांत खरोखर तेवढीच भाषा उरली आहे. एक लाडाचा शब्द, एक शिवी, एक प्रार्थना. लेखकानं न कळत मोजमाप बरोबर घेतलं आहे.

भाषेचं जे झालं तेच जमिनीचं होतं आहे. 1927 च्या महापुरानंतर मिसिसिपीला दोन्हीकडून पक्के बांध घातले, आणि दर पुरात पसरणारा गाळ थेट समुद्रात जायला लागला. तेल कंपन्यांनी दलदलीतून सरळ कालवे खणले, त्यांतून खारं पाणी आत शिरलं, गवत आणि सायप्रस मेले, मुळं सुटली तशी माती सुटली. 1932 ते 2016 या काळात लुइझियानाच्या किनाऱ्यानं सुमारे 4,800 चौरस किलोमीटर जमीन गमावली. आयल द जाँ शार्ल नावाचं बेट आहे, तिथं मूळ रहिवाशांची वस्ती होती, आणि 1955 पासून त्याची 98 टक्के जमीन पाण्यात गेली. लोकांना आत हलवायला 2016 मध्ये 4 कोटी 80 लाख डॉलर मंजूर झाले. आणि तिथला कायदा असा, की खचलेल्या जमिनीवर होड्या चालतील असं पाणी आलं, की तळ मालकाचा राहत नाही, राज्याचा होतो.

हे शेवटचं वाक्य आईला सांगताना मी आधी दोनदा विचार केला होता. कारण तिचं माहेर उजनीच्या पाण्याखाली आहे. धरणात पाणी साठायला लागलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. मोबदला मिळाला, दुसरीकडे जमीन मिळाली, आजोबा तिथं कधी रमले नाहीत. कडक उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक गाड्या करून बघायला जातात. आई एकदाच गेली. देवळापाशी थांबली नाही, पुढे चिखलातून चालत गेली आणि एका ठिकाणी उभी राहून म्हणाली, इथं आपला गोठा. मला तिथं भेगाळलेला गाळ आणि शिंपले दिसत होते.

तिच्या प्रश्नाचा उगम मला माहीत होता. तरी मी कायदा सांगितला. ती म्हणाली, "सातबाऱ्यावर पाणी लिहीत असतील."

गेल्या महिन्यात मी तिला 'इव्हॅन्जेलिन' वाचून दाखवली, सोप्या मराठीत, तीन रविवार लावून. त्यात अचाफलायाच्या सरोवरांवरचा एक प्रसंग आहे. इव्हॅन्जेलिनची होडी रात्रभर वल्हवून दमलेली, दुपारी एका बेटाच्या काठाला विलोच्या झाडांत बांधलेली, आणि सगळे गवतावर झोपलेले. तेवढ्यात उत्तरेकडे जाणारी एक हलकी, वेगवान होडी येते. तिच्यात गेब्रिएल असतो. पण ती होडी बेटाच्या दुसऱ्या कडेनं जाते, मधे झावळ्यांचा पडदा. ना यांना वल्ह्यांचा आवाज येतो, ना त्यांना झाडांतली होडी दिसते. ती जाग येऊन उठते आणि बरोबरच्या धर्मगुरूला म्हणते, गेब्रिएल इथंच जवळपास आहे असं वाटतंय.

मी थांबले. पुण्यात कुकरची शिट्टी झाली.

"बेट केवढं होतं?" आईनं विचारलं.

कवितेत ते दिलेलं नाही, असं मी म्हणाले.

"लहानच असणार. मग भेटले का?"

"भेटले. खूप वर्षांनी, फिलाडेल्फियाला. साथ आली होती, ती आजाऱ्यांची सेवा करायची. तो शेवटच्या घटकेला तिथं पडलेला."

"ओळखलं त्यानं?"

"ओळखलं."

ती काही बोलली नाही. गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा.

"ते होडीचं परत एकदा सांग," ती म्हणाली. "सावकाश सांग. कोणत्या कडेला कोण होतं ते नीट सांग."

मी पान मागे उलटलं.